फुकट तर सगळीकडेच आहे, मग रुजलं मोजक्याच मुलखांत का?

संगणक सल्ला : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. सगळी घ्यायला जागा नाही. सेलूच्या बाईंचं पत्र मात्र जवळजवळ पूर्ण घेतलं आहे, कारण त्यांचा प्रश्न मलाही पंचवीस वर्षं सोडत नाहीये.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सेलूजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला अकरा संगणक दिले. बसवायला आलेल्या मुलानं सगळ्यांत चोरीचं विंडोज टाकलं. मी हटकलं तर म्हणाला, ‘मॅडम, सगळीकडं असंच असतंय की.’ मी वाचलं की केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरच (कुणालाही घेता, बदलता आणि वाटता येतं ते) चालतं, युरोपात काही सरकारी कचेऱ्याही त्यावर चालतात. सॉफ्टवेअर तेच, किंमतही तीच, म्हणजे शून्य. मग एका मुलखात ते शाळाशाळांत जातं आणि दुसऱ्या मुलखात त्याचं नावही कुणाच्या कानावर नसतं, हे कसं? आपल्याच माणसांत काही कमी आहे का?
(एक शिक्षिका, सेलू, जि. परभणी)

उत्तर : बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, आपल्या माणसांत काही कमी नाही. जे कमी पडलं ते दुसरंच आहे, आणि ते सांगायला मला माझ्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

१९९९ साली मी अंबाजोगाईत चार संगणकांवर क्लास काढला. हैदराबादहून सुटे भाग आणून जोडलेली यंत्रं होती. त्यांच्यासोबत विंडोज ९८ची सीडी आली, पन्नास रुपयांची, साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, वर स्केचपेननं नाव लिहिलेली. ही वस्तू हजारो रुपये देऊन विकत घ्यायची असते हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांना माझ्याकडून कळलं नाही, त्यांच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडून. तुमच्या शाळेत आलेला तो मुलगा याच साखळीतला. त्याच्यावर रागावू नका.

म्हणूनच ‘फुकट आहे, घ्या’ हे वाक्य आपल्याकडे चालत नाही. जर्मनीतल्या नगरपालिकेला दर यंत्रामागे परवान्याचे पैसे मोजावे लागतात. तिथे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे अंदाजपत्रकात दिसणारी बचत. आपल्याकडे दोन्ही सीड्या पन्नास रुपयांच्याच. सॉफ्टवेअर कंपन्यांच्याच एका संघटनेनं, बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सनं, २०१७ सालचा हिशेब मांडला होता : विनापरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण अमेरिकेत १५ टक्के, भारतात ५६, चीनमध्ये ६६. आकडे कंपन्यांच्या बाजूनं मोजलेले आहेत हे लक्षात ठेवूनच वाचावेत, पण फरकाची दिशा खरी आहे. जिथे चोरी सोपी, तिथे फुकटपणा हे कारण उरतच नाही. दुसरं काहीतरी कारण लागतं. ते ज्या मुलखांना सापडलं, तिथे हे रोप धरलं.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते उदाहरण स्पेनमधलं आहे. पोर्तुगालच्या सीमेला लागून एक्स्त्रेमादुरा नावाचा प्रांत आहे. उन्हाळ्यात रखरखीत, पोट शेती आणि जनावरांवर, तरुण पोरं कामासाठी माद्रिद-बार्सेलोनाला गेलेली, आणि देशातल्या गरीब प्रांतांत कायम नाव. लोकसंख्या दहा-अकरा लाख, म्हणजे साधारण आपला हिंगोली जिल्हा. २००२ साली या प्रांताच्या सरकारनं डेबियन नावाच्या मुक्त प्रणालीवरून स्वतःची प्रणाली बांधून घेतली. नाव ठेवलं लिनेक्स. माध्यमिक शाळांत दोन मुलांमागे एक संगणक बसवला आणि प्रत्येकात हीच प्रणाली घातली. सीड्या लोकांना वाटल्या. गावोगावी शिकवणी केंद्रं होती, तिथे आजीआजोबांना माउस धरायला शिकवणारी माणसं नेमलेली होती.

त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार भावते. सॉफ्टवेअरांना त्यांनी आपल्या मातीतल्या माणसांची नावं दिली. चित्रं काढायच्या प्रोग्रामला झुरबारान, कारण सतराव्या शतकातला हा थोर चित्रकार त्याच प्रांतात जन्मलेला. चिन्ह म्हणून करकोचा घेतला, कारण तिथल्या चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी असतात. मूल संगणक उघडायचं आणि समोर त्याचाच मुलूख दिसायचा. पुढे शेजारच्या अंदालुसियानं तीच प्रणाली घेऊन ग्वादालिनेक्स उभी केली. शेजाऱ्याचं पीक बघून बियाणं घ्यावं, तसं ते सीमेपलीकडे गेलं.

केरळचीही हीच तऱ्हा. २००१ साली तिथे ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, त्याच साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतातली शाखा तिरुवनंतपुरमला उघडली. पुस्तकं विंडोजवर बेतायची की मुक्त प्रणालीवर, यावर शिक्षक संघटना भांडल्या. हो, शिक्षक भांडले. हा विषय त्यांना आपला वाटला. मग बाहेरचा कंत्राटदार न आणता शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षक केलं. गणिताचा मास्तर दुसऱ्या तालुक्यातल्या गणिताच्या मास्तरांना शिकवू लागला. काही वर्षांत दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाच मुक्त प्रणालीवर होऊ लागली. मल्याळम फॉन्टसाठी स्वयंसेवकांचा वेगळा गट २००२ पासून राबत होता. आज शाळांसाठीची ती प्रणाली ‘काइट’ ही सरकारी संस्था स्वतः तयार करते, आणि शाळेत लागणारं सगळं एकाच जोडणीत मिळतं. इंटरनेट नसलं तरी अडत नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आमचं घोडं इथेच अडलं.

२००४ साली उबुंटू नावाची लिनक्स प्रणाली आली. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थनं ती सुरू केली आणि सीड्या जगात कुठेही टपालानं फुकट पाठवायची सोय केली. मी २००६ साली मागणी नोंदवली. काही आठवड्यांनी पोस्टमन मोठं पाकीट घेऊन आला, आत दहा सीड्या. परदेशातून अंबाजोगाईला काहीतरी माझ्या नावानं आलं, याचा आनंद अजून आठवतो. त्या रात्री मी चारही यंत्रांत ती घातली. सकाळच्या बॅचला पोरं आली, त्यातल्या एकानं खिशातून गाण्यांची सीडी काढून लावली आणि दोन मिनिटांत म्हणाला, ‘ताई, गाणंच वाजंना की!’

गाण्यांच्या फाइलींच्या एमपीथ्री या प्रकारावर तेव्हा अमेरिकेत पेटंट होती, म्हणून ते वाजवणारा तुकडा उबुंटूच्या सीडीत घालत नसत. इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. ज्या देशात घरोघरी ब्रॉडबँड होतं तिथे हे पाच मिनिटांचं काम. माझ्याकडे टेलिफोनच्या तारेवरचं डायलअप, तेही वीज असेल तेव्हा. भारनियमन दहा-बारा तासांचं. मी तो तुकडा उतरवायला बसले, तीनदा लाइन तुटली. चौथ्या दिवशी पोरांनीच दोन यंत्रांत विंडोज परत टाकलं होतं. मी त्यांना बोलले नाही. गाणी ऐकायला आलेल्या मुलाला पेटंटचा कायदा सांगून काय उपयोग?

विजेचं म्हणाल तर तीही गोष्ट यातच येते. लिनक्सची डिस्कवर फाइली ठेवायची जुनी मांडणी, एक्सटी२, अचानक वीज गेली की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासत बसायची. दहा-दहा मिनिटं काळा पडदा, आणि मागे रांगेत पोरं. २००१च्या अखेरीला एक्सटी३ आली. ती आधी नोंदवहीत लिहून मग काम करते, त्यामुळे वीज गेली तरी नोंदवही बघून क्षणात सावरते. आमच्यासारख्या गावांना या बदलाचा केवढा आधार झाला! पण तोवर ‘लिनक्स लवकर चालू होत नाही’ हे वाक्य सगळीकडे पसरलं होतं, आणि पसरलेलं वाक्य कुठलीही नवी आवृत्ती पुसून टाकत नाही.

म्हणजे बघा, एकच सीडी. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये ती वेगळी वस्तू आणि अंबाजोगाईत वेगळी. तिच्याभोवती वीज, तार, भाषा, शिकवणारा आणि बिघडल्यावर येणारा माणूस असेल तर ती पुरी पडते. या पाचांतलं माझ्या मते सर्वांत मोलाचं म्हणजे बिघडल्यावर येणारा माणूस. गावात कुठली प्रणाली चालेल हे तोच ठरवतो. दिल्लीचा आदेश किंवा एखाद्या कंपनीची जाहिरात त्याच्यानंतर.

सरकारनं स्वस्तात वाटलं म्हणून रुजतंच असंही नाही. ब्राझीलमध्ये २००५ साली कर माफ करून लिनक्स घातलेले स्वस्त संगणक सामान्यांसाठी बाजारात आणले. बऱ्याच गिऱ्हाइकांनी घरी नेऊन ते पुसलं आणि चोरीचं विंडोज टाकलं. दुरुस्तीला येणाऱ्याला तेच येत होतं. आपल्याकडे सीडॅक या सरकारी संगणक-संस्थेनं २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली काढली, मराठीसह आपल्या भाषांची सोय केली. चांगलं काम आहे. पण ती दुरुस्त करता येणारा मुलगा तालुक्याला तयार केला गेला नाही. केंद्र सरकारनं २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरणही काढलं. आमच्याकडे मात्र नोकरीसाठी लागणारं प्रमाणपत्र विंडोजवरच शिकून मिळत राहिलं. आईवडील ऊसतोडीच्या उचलीतून फी भरतात, ते पोरगं नोकरीला लागावं म्हणून. ते दुसरं का शिकतील?

रुजलेलंही उपटलं जातं, हेही सांगायला हवं. म्युनिक महापालिकेनं २००३ साली ठरवलं, दहा वर्षं खपून पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर आणले, आणि २०१७ साली सभागृहानं परत विंडोजकडे जायचा ठराव केला. फ्रान्सच्या जांदार्मरीनं, म्हणजे तिथल्या लष्करी शिस्तीच्या पोलीसदलानं, वाट वेगळी धरली. २००५ साली आधी फक्त ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, मग ब्राउझर, मग ईमेल. शिपायांचा हात त्यावर बसल्यावर २००८ पासून खालची प्रणाली बदलायला घेतली. ते अजून टिकून आहेत. क्युबा आणि चीनची कारणं निराळी, तिथे अमेरिकेवर अवलंबून राहायचं नाही हे राजकारण आहे. ते आपल्या शाळेच्या कामाचं नाही.

भारतात लिनक्स किती, असंही तुम्ही पत्राच्या इथे न छापलेल्या भागात विचारलंय. स्टॅटकाउंटर नावाची एक मोजणी आहे. तिच्यात जुलै २०२४ला जगभराचा आकडा साडेचार टक्क्यांच्या जरा आत होता आणि भारताचा त्याच्या तिपटीहून जास्त. पण ही मोजणी ठरावीक संकेतस्थळांवर उघडलेली पानं मोजते, घरातली यंत्रं नाही. पुण्या-बंगळुरूला दिवसभर पानं उघडणारा प्रोग्रामर आणि महिन्यातून एकदा सुरू होणारा तुमच्या शाळेचा संगणक यांचं वजन त्यात सारखं नसतं. त्या आकड्यावर घर बांधू नका.

आता तुमची अकरा यंत्रं. फ्रेंच शिपायांची वाट धरा. आहे त्या विंडोजवरच लिबरऑफिस (पत्रं, तक्ते करायला), फायरफॉक्स (इंटरनेट बघायला) आणि व्हीएलसी (गाणी, सिनेमे चालवायला) टाका. व्हीएलसी तर मुलांना ठाऊकच असेल. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर मराठवाड्यात मोबाइलच्या प्रत्येक दुकानात पोचलं, कारण कुठलंही गाणं, कुठलाही सिनेमा ते काही न मागता चालवतं. हेच तेव्हा माझ्या सीडीत असतं तर! तुम्ही गणिताच्या आहात, तर भूमितीच्या आकृत्या काढायचं जिओजेब्रा घ्याच. वर्तुळाची स्पर्शिका हातानं ओढून फिरवताना मुलं बघा. सहा महिन्यांनी अकरांपैकी तीनच यंत्रांत लिनक्स घाला, सगळ्यांत नको. आणि त्याआधी नववीतली दोन मुलं निवडा, शक्यतो एक मुलगी, आणि त्यांना माझ्याकडे पाठवा. राहायची सोय माझ्या घरी होईल. बिघडलं तर दुरुस्त करणारं माणूस शाळेतच तयार असू द्या. मग ती अकराही यंत्रं ती मुलं स्वतःच करतील.

प्रश्न : ताई, माजलगावला माझं डीटीपीचं दुकान आहे. पानं लावायच्या पेजमेकरवर आणि जुन्या फॉन्टवर वीस वर्षं लग्नपत्रिका, स्मरणिका, पावतीपुस्तकं करतोय. मुक्त सॉफ्टवेअरवर यावं का? टायपिंग रेमिंग्टनचं, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांचं आहे.
(एक डीटीपीचालक, माजलगाव, जि. बीड)

उत्तर : भाऊ, तुमच्या धंद्यानं मुक्त सॉफ्टवेअर धरलं नाही यात तुमचा दोष नाही. पानं लावायचं स्क्रायबस वर्षानुवर्षं देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवू शकत नव्हतं. ते सुधारलं २०१७च्या सुमाराला, १.५.३ आवृत्तीत. रोमन लिपीच्या देशांत ते त्याआधी कितीतरी वर्षं कामाला लागलं होतं. लिपीमुळे एखादं साधन पंधरा वर्षं उशिरा पोचणं, हाही तुमच्या-माझ्या मुलखाला बसलेला फटका आहे आणि मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांनीही तो मान्य करायला हवा.

पण दुसरी बाजूही ऐका. २०२३ साली आपल्याकडे निजामकाळातल्या नोंदी शोधायची मोहीम निघाली. जुनी दप्तरं मोडीत आणि उर्दूत. कागद हातात, पण वाचणारा सापडेना, अशी गत झाली. तुमच्या वीस वर्षांच्या फाइलींचं तेच होणार आहे. जुन्या फॉन्टमध्ये ‘क’च्या जागी खरं तर एखादं इंग्रजी अक्षरच साठवलेलं असतं, फक्त चेहरा मराठीचा. तो फॉन्ट नसेल तर उरतात नुसती विचित्र अक्षरं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची आहे, नवी येणार नाही. माझी २००१ सालची एक स्मरणिका आहे, गावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखतींची. छापील प्रत वाळवीनं खाल्ली आणि फाइल आज उघडत नाही. त्यातली बहुतेक माणसं गेली. मला याचं फार वाईट वाटतं.

पेरूच्या संसदेत एदगार विलानुएवा नावाचे खासदार होते. २००२ साली त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या शाखेला दिलेलं उत्तर जगभर वाचलं गेलं. त्यांचा मुद्दा हाच होता : प्रश्न पैशांचा नाही. लोकांची माहिती उद्याही वाचता आली पाहिजे, आणि ती एका विक्रेत्याच्या मर्जीवर राहता कामा नये.

म्हणून धंदा आहे तसा चालू ठेवा, पण आजपासून नवा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असलेल्या पद्धतीत, टाइप करा. मुक्त फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ आणि ‘बालू’ या नावांचे फॉन्ट बघा, दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल तर मजकुराची भाषा मराठी निवडायला विसरू नका, नाहीतर हिंदी वळण येतं. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिप्यांची सोय आधी चालू करावी लागते. ती खूण न केल्यामुळे ‘मराठी नीट येत नाही’ म्हणून परत गेलेले निदान वीस जण मला माहीत आहेत. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं टाकली की रेमिंग्टन मिळतं, उच्चारानुसार टाइप करायचं गमभनही मिळतं. तुमच्या बोटांना नवीन काही शिकावं लागणार नाही. ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ मात्र टाइप करून बघा. तो जमला तर सगळं जमलं.

जाता जाता एक. मुक्त सॉफ्टवेअरांचं मराठीकरण स्वयंसेवक करतात आणि त्यांचे उपकार आहेत. पण बोजड शब्द वापरले की दुकानातला मुलगा पुन्हा इंग्रजी पडदा लावतो. ‘प्रिंट’ला ‘छापा’ चालेल, ‘मुद्रण’नं तो बिचकतो. तुमच्यासारख्या रोज मराठी हाताळणाऱ्यांनी या कामात शिरलं पाहिजे. रोजच्या बोलण्यातला शब्द तुम्हाला पटकन सुचतो.

प्रश्न : मी सेवा केंद्र चालवते. दाखले, अर्ज, अंगठ्याचं यंत्र, सोबत दोन व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं टॅली. लिनक्स टाकू का?
(केंद्रचालक, भोकरदन, जि. जालना)

उत्तर : काउंटरच्या यंत्रावर टाकू नका, ताई. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, तुमच्याकडचं अंगठ्याचं यंत्रही त्यावरच बसवून दिलेलं असणार. दारात रांग असताना प्रयोग करायचे नाहीत. विंडोज मात्र परवान्याचं घ्या, कारण तुमच्या यंत्रातून लोकांच्या आधारची माहिती जाते आणि चोरीच्या प्रतीसोबत काय काय आत येतं ते कुणी सांगू शकत नाही. घरी मुलांसाठी जुनं यंत्र असेल तर त्यावर खुशाल टाका.

प्रश्न : निवृत्त ग्रामसेवक आहे. २०१४चा संगणक, ४ जीबी रॅम. विंडोज १०ची मुदत संपली म्हणे. मुलगा म्हणतो फेकून द्या. काय करू?
(एक वाचक, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : काका, फेकू नका. विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा-दुरुस्तीचे हप्ते १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले हे खरं, आणि तुमचं यंत्र ११च्या अटींत बसणार नाही हेही खरं. पण यंत्र चांगलं आहे. जुनी डिस्क काढून एक लहान एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून घ्या, फरक लगेच कळेल. त्यावर लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला. तिला २ जीबी रॅम किमान लागते, तुमच्याकडे ४ आहे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आतल्या कशालाही धक्का लागत नाही. वायफाय आणि प्रिंटर त्यातच तपासा. नातवंडांचे फोटो त्याआधी दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि ते दोन ठिकाणी असू द्या.

प्रश्न : मला लिनक्स शिकायचं आहे पण इंग्रजी कच्चं आहे. क्लासची फी परवडत नाही. घरी वायफाय नाही.
(बारावीचा विद्यार्थी, गंगाखेड, जि. परभणी)

उत्तर : बाळ, मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम आहे. दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतून बोललेले, पडद्यावर काय दाबायचं ते समोर दिसतं. लिनक्स, लिबरऑफिस, पुढे पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषासुद्धा. धडा ऐकायचा, थांबवायचा, स्वतः करायचं, मग पुढे. लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे मराठी धडे मी उतरवून ठेवलेत. रविवारी सकाळी दहानंतर दुकान उघडं असतं, गंगाखेडहून परळीमार्गे एसटीनं दुपारच्या आत पोचशील. येताना पेनड्राइव्ह आण, पण ३२ जीबीचा. आठचा आणलास तर निम्मे धडे मागे राहतील.